आधी आईचं ताट वाढा!

मीटरची खोली, पंपाजवळचा कोपरा, जिन्याखालची अडगळ, गच्चीवरच्या टाकीखालची जागा... मीरा-भाईंदरच्या कुठल्याही जुन्या इमारतीत बघा, मांजरीचं बाळंतपण यातल्याच एखाद्या ठिकाणी झालेलं असतं. पहिले दोन दिवस मुलं कौतुकानं डोकावतात. मग रात्रभर पिल्लांचं रडणं ऐकू यायला लागतं आणि सोसायटीत दोन तट पडतात. एक म्हणतो, ‘‘गोणीत भरा आणि लांब सोडून या.’’ दुसरा दुधाची वाटी घेऊन धावतो. मैत्रिणींनो, हा दुसरा तट बहुतेक आपल्या बायकांचा. म्हणून आज त्या दुधाच्या वाटीबद्दलच थोडं बोलायचंय.

मायेनं दिलेली ही वाटी पिल्लांना अनेकदा बाधते. मांजरीच्या दुधात गाईच्या दुधाच्या जवळजवळ दुप्पट प्रथिनं असतात. गाईचं दूध त्या मानानं पातळ, शिवाय पिल्लांना ते नीट पचत नाही. जुलाब सुरू होतात. जन्मतः जेमतेम शंभर ग्रॅमचा तो जीव, त्याच्या अंगातलं पाणी आटायला कितीसा वेळ लागणार?

मग करायचं काय? आपल्या आजीनं आपल्या घरात जे केलं तेच! घरात बाळ रडलं तर आपण बाळाला डिंकाचा लाडू देत नाही, त्याच्या आईला देतो. अळिवाची खीर, मेथी, खसखस सगळं त्या ओल्या बाळंतिणीसाठी. कारण बाळाचं दूध आईच्या ताटातून येतं, हे आपल्याला पक्कं ठाऊक आहे. मांजरीलाही हाच न्याय लावायचा.

गेल्या पावसाळ्यात भाईंदर पश्चिमेच्या एका इमारतीतून आमच्या महिला मंडळाला बोलावणं आलं. मीटरच्या खोलीत मांजर आणि तिची चार पिल्लं. मांजरीच्या पाठीचे मणके मोजता येत होते. पोट भरलेलं पिल्लू आईला चिकटून झोपून जातं. ही चारही सारखी केकाटत होती. तिसऱ्या मजल्यावरच्या बेन अगदी रडकुंडीला आल्या होत्या. म्हणाल्या, ‘‘भाभी, रोज आधा लीटर दूध रखती हूँ, फिर भी बच्चे चिल्लाते हैं!’’

बेनची तळमळ खरीच होती. पण इमारत पूर्ण शाकाहारी, कुणाच्याही घरात अंडंसुद्धा येत नाही. आणि मांजर पडली पक्की मांसाहारी. दूध-पोळीवर ती तग धरेल, पण पिल्लांना पाजण्याची ताकद कुठून आणणार? पिल्लं तीन-चार आठवड्यांची होईपर्यंत आईची भूक वाढतच जाते. नेहमीच्या दोन ते तीन पट अन्न तिला लागतं.

कुणाच्याही स्वयंपाकघराचा नेम मोडायचा नाही, असं आधीच ठरवून टाकलं. वॉचमनची बायको म्हणाली, ‘‘ताई, शिजवायचं माझ्याकडे.’’ बाजारात उत्तनहून येणाऱ्या कोळीण मावशींकडून मांदेली, ढोमा असली बारीक मासळी घेतली. कुणासाठी ते कळल्यावर मावशींनी एक मूठ वर टाकली आणि बजावलं, ‘‘बालंतीण हाय ना? तिखट-मीठ नको गो, नुसती उकडून दे.’’ काटे काढलेली मासळी, कधी उकडलेली कोंबडी, कधी अंडं, असं दिवसातून चार वेळा थोडं थोडं. सोबत ताजं पाणी. खारवलेली सुकी मासळी आणि कांदा-लसणाचा रस्सा मात्र अजिबात नाही. कांदा-लसूण मांजरीच्या रक्तालाच अपाय करतात.

बेननी खोक्यात जुन्या सुती साडीच्या घड्या घातल्या, त्या रोज बदलायचं काम स्वतःकडे घेतलं. घरी केक करणाऱ्या एका मुलीनं आपला छोटा वजनकाटा दिला. रोज सकाळी एकेका पिल्लाचं वजन वहीत! दिवसाला साधारण दहा ग्रॅम वाढ झाली तर दूध पुरतंय. वजन जागच्या जागी राहिलं किंवा उतरलं, तर थांबायचं नाही.

दुसऱ्या दिवशी मांजर एका बाजूला पिल्लांना लुचूच देईना. बघितलं तर एक आचळ लाल, गरम आणि दगडासारखं. आपल्यातही दूध साकळून गाठ होते, ठणका लागतो, तापही येतो... बाईला वेगळं सांगायला नको! प्राण्यांच्या डॉक्टरांनी औषध दिलं, शेकायला सांगितलं. तिसऱ्या दिवशी सगळ्यात अशक्त पिल्लू गेलं. बेन त्या दिवशी जेवल्या नाहीत. पण उरलेल्या तिघांच्या वजनाचे आकडे चढू लागले आणि आठवड्याभरात मीटरच्या खोलीतला आरडाओरडा थांबला.

असा प्रसंग तुमच्या जिन्याखाली आला तर काही गोष्टी लक्षात असू द्या. पिल्लं एकटी दिसली की लगेच उचलू नका. आई अन्न शोधायला गेलेली असते किंवा एकेक करून जागा बदलत असते. काही तास लांबून नजर ठेवा. आई नाहीच आली आणि पिल्लू गार लागलं, तर आधी ऊब द्या. गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून जवळ ठेवा. गार पिल्लाला काही पाजायचं नाही, ते त्याला पचत नाही. पाजायला पिल्लांसाठीची तयार दुधाची पावडर मिळते. पिल्लू पालथंच ठेवून पाजायचं. बाळासारखं उताणं धरलं तर दूध श्वासनलिकेत जातं. पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. आणि पाजून झालं की ओल्या कोमट कापसानं खालची जागा हळूच पुसायची, कारण तीन आठवड्यांपर्यंत पिल्लांना आपली आपण शी-शू करता येत नाही.

पाजणारी मांजर थरथरायला लागली, ताठ पावलं टाकू लागली किंवा तिला झटके आले, तर अंगातलं कॅल्शियम घसरलेलं असू शकतं. तेव्हा एक तासही दवडू नका, डॉक्टर गाठा. परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून मुंबईच्या मुक्या जिवांसाठी उभं आहे. पण भाईंदरहून तिथे पोचेपर्यंत वेळ जाणारच. म्हणून जवळच्या डॉक्टरांचा नंबर आधीच लिहून ठेवा. घरातली पॅरासिटामॉलची गोळी तर चुकूनही देऊ नका, मांजरीसाठी ती विष आहे.

आता सोसायटीच्या मीटिंगमध्ये उठून उभं राहायची वेळ आली तर? २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत, आवारातल्या बेवारस प्राण्यांना खाऊ घालण्याची सोय करणं ही रहिवासी संघटनेची किंवा स्थानिक संस्थेची जबाबदारी सांगितली आहे. जागा मात्र मुलांच्या खेळण्यापासून, जिन्यापासून, ये-जा करण्याच्या वाटेपासून दूर हवी. म्हणजे विरोध करणाऱ्यांचंही ऐकायचं, उष्टं-खरकटं लगेच उचलायचं, जागा स्वच्छ ठेवायची. निम्मं भांडण तिथेच मिटतं.

आणि शेवटचं, पण सगळ्यात गरजेचं. पाजत असतानाही मांजर पुन्हा गाभण राहू शकते. चौथ्या आठवड्यापासून पिल्लांना मऊ अन्नाची सवय लावा, दोन महिने आईजवळ राहू द्या, आणि दूध सुटलं की आईचं ऑपरेशन करून घ्या. बेनच्या इमारतीनं त्यासाठी वर्गणी काढली. त्या वर्गणीत, ‘गोणीत भरा’ म्हणणाऱ्या काकांचेही शंभर रुपये होते!

लागोपाठच्या बाळंतपणांनी पिचलेली बाई आपल्यापैकी प्रत्येकीनं आजूबाजूला कधी ना कधी पाहिली आहे. तिला आपण फक्त खीर देऊन थांबत नाही, ‘आता पुरे गं’ असंही सांगतो. हिला सांगता येत नाही, म्हणून तेवढं आपणच करायचं.