पुराचे पाणी प्यायलेला गिअरबॉक्स

ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये पुराचे पाणी बहुधा वरून शिरते. त्याच्या माथ्यावर हवा ये-जा करण्यासाठी एक बारीक नळी असते. गॅरेजात तिला ब्रीदर म्हणतात. चालून तापलेली गाडी थंड पाण्यात गेली की आतली हवा आकसते आणि नळीचे तोंड बुडालेले असेल तर गिअरबॉक्स स्वतःच पाणी ओढून घेतो. ‘एवढ्या पाण्यातून निघेल’ म्हणून रेटलेल्या गाडीतही त्यामुळे पाणी सापडते. ती गाडी रात्रभर पुरात उभी असायलाच हवी असे नाही.

या सदरात या आठवड्यात गिअरबॉक्सचे सोलेनॉइड आणि प्रेशर टेस्ट ठरले होते. ते पुढे ढकलले आहे, कारण मिरजेच्या एका वाचकाने विचारलेला प्रश्न त्याच्या आधी यायला हवा: स्वस्तात मिळणारी ऑटोमॅटिक गाडी पुरातली आहे की नाही, हे कसे ओळखायचे? सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी 45 फूट आहे. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांवर गेले आणि जुलै 2021 मध्ये नदीने पुन्हा धोका पातळी ओलांडली. अशा पुरातल्या गाड्या स्वच्छ होऊन भलत्याच गावात विक्रीला उभ्या राहू शकतात.

तपासणीची सुरुवात तेलापासून करावी, स्कॅनरपासून नव्हे. टॉर्क कन्व्हर्टरच्या गिअरबॉक्समधले तेल बहुधा लाल असते. त्यात पाणी मिसळले की ते स्ट्रॉबेरी मिल्कशेकसारखे गुलाबी आणि गढूळ दिसते. सीव्हीटीच्या तेलाचा मूळ रंग कंपनीनुसार वेगळा असतो. तिथे रंगापेक्षा दुधाळपणा पाहावा. शंका असेल तर तापलेल्या तव्यावर तेलाचा एक थेंब टाकावा, तोंड मात्र लांब ठेवावे. पाणी असेल तर थेंब तडतडतो. बऱ्याच नव्या गाड्यांना डिपस्टिक नसते. तिथे लिफ्टवर घेऊन लेव्हल प्लगमधून नमुना काढावा लागतो. विकणारा त्याला नाही म्हणाला, तर तेही उत्तरच समजावे.

काळपट, जळका वास येणारे तेल ही वेगळी गोष्ट. तो उष्णतेचा पुरावा आहे. पसरणी किंवा यवतेश्वर घाटात भरलेली गाडी वारंवार चढवली आणि तेल वेळेवर बदलले नाही की ते असे होते. साताऱ्याकडच्या गाडीत हे दुखणे दिसले म्हणून तिला पुरातली ठरवू नये.

खरी अडचण तेल नुकतेच बदललेले असेल तेव्हा येते. ड्रेन प्लग उघडल्यावर सगळे तेल निघत नाही. टॉर्क कन्व्हर्टर आणि कूलरमध्ये बरेच मागे राहते. म्हणून गाडी अर्धा-पाऊण तास चालवून नमुना पुन्हा पाहावा. आत पाणी राहिले असेल तर लख्ख लाल तेल पुन्हा गढुळते. तीन-चार वेळा तेल बदलून रंग सुधारता येतो, पण आतल्या क्लच प्लेटांचे नुकसान भरून येत नाही. त्यांचे अस्तर कागदासारख्या तंतूंचे असते, डिंकाने चिकटवलेले. ते पाणी शोषते, डिंक सैल होतो आणि काही महिन्यांनी अस्तर सुटू लागते. इतका उशीर होत असल्यामुळेच गिऱ्हाईक फसते.

मग गाडी चालवून पाहावी. सातारा-कराड पट्ट्यावर गाडी पुरती गरम झाल्यावर 50 ते 70 च्या वेगात अॅक्सिलरेटर हलका धरावा. रम्बलर पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथर आली, तर डाव्या पायाने ब्रेक पेडलला नुसता स्पर्श करावा. ब्रेक लागू देऊ नये. बहुतेक गाड्यांत त्याने कन्व्हर्टरचा लॉकअप सुटतो. थरथर त्याच क्षणी थांबली तर दोष लॉकअप क्लचचा किंवा तेलाचा. थांबली नाही तर आधी स्पार्क प्लग आणि कॉइल पाहावे. ही चाचणी मोकळ्या रस्त्यावर, मागे वाहन नसताना करावी.

स्कॅनर आता जोडावा. पी 0741 लॉकअपकडे बोट दाखवतो, पी 0730 गिअर गुणोत्तर जुळत नसल्याचे सांगतो. एकही कोड नाही आणि रेडिनेस मॉनिटर, म्हणजे गाडीच्या स्वतःच्या चाचण्या, मात्र अपूर्ण, याचा अर्थ कोड नुकतेच पुसले आहेत किंवा बॅटरी काढलेली होती. कार्पेटखालचे वायरिंग सॉकेट उघडून हिरवट गंज पाहावा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढावा; तिथला गाळ धुवायचे बहुतेक जण विसरतात.

2014 मध्ये सेलेरिओतून भारतात आलेली एएमटी या सगळ्यात सुदैवी. तिचा गिअरबॉक्स मुळात मॅन्युअलच, क्लच कोरडा. पुरानंतर क्लच प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटू शकते, अॅक्च्युएटरचे कनेक्टर खराब होऊ शकतात. पण हे भाग सुटे बदलता येतात. दुधाळ गिअर ऑइल लवकर बदलले आणि बेअरिंगचा आवाज नसेल, तर किंमत पाडून अशी गाडी विचारात घ्यायला हरकत नाही.

टॉर्क कन्व्हर्टर किंवा सीव्हीटीत पाणी गेल्याचे सिद्ध झाले, तर गाडी घेऊ नये. तेल बदलल्याचे बिल दाखवले तरीही. सोलेनॉइड पुढच्या आठवड्यात नक्की. मल्टीमीटर हाताशी ठेवावा.