गारठ्यात साकळणारी प्रथिने

हेपटायटिस सी हा विषाणूमुळे होणारा यकृताचा आजार. पण काही रुग्णांत पहिली तक्रार पायांवरच्या जांभळट पुरळाची असते. सांधे दुखतात, थकवा येतो. १९६६ मध्ये संशोधक मेल्टझर यांनी वर्णिलेली हीच ती तीन लक्षणे. विषाणूचा शोध मात्र १९८९ मध्ये लागला, तोवर मूळ कारण अंधारातच होते.

घडते असे : विषाणूशी वर्षानुवर्षे झुंजताना शरीर क्रायोग्लोब्युलिन नावाची प्रथिने बनवते. ती ३७ अंशांखाली साकळतात. लहान रक्तवाहिन्यांत साचून दाह होतो. मूत्रपिंडाच्या गाळण्यांत साचली, की लघवीला फेस येतो, रक्त जाते, रक्तदाब चढतो. क्वचित डायलिसिसची पाळी येते. अशी प्रथिने अनेक रुग्णांच्या रक्तात सापडतात, त्रास थोड्यांनाच होतो.

ही प्रथिने शोधण्याच्या चाचणीत गोम आहे. रक्ताची नळी प्रयोगशाळेपर्यंत ऊबेतच न्यावी लागते. वाटेत ती गार पडली, तर प्रथिने गुठळीबरोबर खाली बसतात आणि अहवाल बिनदिक्कत ‘निगेटिव्ह’ येतो! म्हणून अहवाल निगेटिव्ह असूनही रक्तातील सी४ हा प्रतिकारशक्तीचा घटक घटलेला दिसला, तर चाचणी पुन्हा करावी.

विषाणू घालवणाऱ्या गोळ्या बहुधा १२ आठवड्यांच्या. भारताच्या राष्ट्रीय हेपटायटिस नियंत्रण कार्यक्रमात त्या २०१८ पासून मोफत. मूत्रपिंड झपाट्याने ढासळत असेल, तर जोडीला स्टेरॉइड व रिटुक्सिमॅब ही प्रतिकारशक्तीला आवर घालणारी औषधे. विषाणू गेला, तरी काहींत ही प्रथिने मागे रेंगाळतात. लघवीची तपासणी चालू ठेवावी लागते.