अन्नमार्गातील दुय्यम कर्करोग व रक्तस्राव

अन्नमार्गातील रक्तस्रावाचे कारण शोधताना जठरव्रण, यकृतविकारामुळे फुगलेल्या अन्ननलिकेतील शिरा, मूळव्याध आणि आतड्याचा प्राथमिक कर्करोग यांचा विचार प्रथम केला जातो, आणि ते योग्यच आहे. तथापि शरीराच्या अन्य भागात उद्भवलेला कर्करोगही अन्नमार्गात रुजून तेथे रक्तस्राव घडवू शकतो. ही शक्यता विरळ असली तरी उपेक्षणीय नाही.

रक्तप्रवाहातून आलेल्या कर्कपेशी बहुधा श्लेष्मल आवरणाखालील थरात स्थिरावतात. गाठ वाढू लागली की तिच्या मध्यभागास रक्तपुरवठा अपुरा पडतो. तो भाग मृत होऊन वरील आवरण भंगते व व्रण पडून रक्त झिरपू लागते. उंचवट्याच्या मध्यभागी खळगा, असे नेमबाजीच्या लक्ष्यासारखे जे चित्र क्ष-किरण तपासणीत वा दुर्बिणीतून दिसते, त्याचे मूळ या प्रक्रियेत आहे. स्राव पुष्कळदा मंद असतो. त्यामुळे काळ्या शौचाऐवजी केवळ रक्तक्षय हेच प्रथम लक्षण ठरते.

कर्करोगाच्या पेशी हे बीज व अवयव ही भूमी, असा विचार स्टीफन पॅजेट यांनी स्तनकर्करोगाच्या ७३५ मृत रुग्णांच्या नोंदी अभ्यासून १८८९ मध्ये मांडला. मेलॅनोमा, म्हणजे रंगद्रव्यपेशींचा कर्करोग, हे त्याचे ठळक उदाहरण होय. या रोगास लहान आतड्याची भूमी विशेष मानवते. लहान आतड्यात स्रवणाऱ्या सीसीएल-२५ या प्रथिनाकडे, त्याचा ग्राहक धारण करणाऱ्या मेलॅनोमा-पेशी आकृष्ट होतात, असे आढळले आहे. या रोगाने मृत्यू पावलेल्यांच्या शवविच्छेदनात निम्म्याच्या आसपास रुग्णांच्या अन्नमार्गात दुय्यम गाठी दिसतात; जिवंतपणी मात्र त्यांचे निदान फारच थोड्यांत होते.

मूत्रपिंडाच्या कर्करोगाची रीत निराळी आहे. रोगट मूत्रपिंड काढल्यावर दहा वर्षांहून अधिक काळ लोटल्यानंतरही जठरात वा आतड्यात गाठ उद्भवू शकते. या गाठी रक्तवाहिन्यांनी समृद्ध असल्याने स्राव विपुल होऊ शकतो. उलट स्तनाचा खंडिकीय कर्करोग जठराच्या भित्तीत पसरून ती ताठर करतो. पृष्ठभाग निरोगी भासतो, आणि वरवर घेतलेला ऊतीचा तुकडा निर्दोष ठरण्याचा धोका असतो.

याच्या उलट चूकही टाळली पाहिजे. कर्करुग्णाचा प्रत्येक रक्तस्राव गाठीमुळेच होतो असे नाही. वेदनाशामक औषधांनी पडलेला व्रण, उपचारांमुळे घटलेल्या रक्तबिंबिका किंवा प्रतिकारशक्ती उत्तेजित करणाऱ्या औषधांमुळे झालेला बृहदांत्रदाह, यांपैकी कोणतेही कारण संभवते. म्हणून दुर्बिणीने पाहणे, ऊतीची सूक्ष्मदर्शकीय तपासणी करणे आणि तिला प्रतिपिंडांवर आधारित रंजनाची जोड देणे आवश्यक ठरते. जेथे नेहमीची दुर्बीण पोचत नाही अशा लहान आतड्यासाठी २००१ पासून गिळावयाची कॅमेरा-कुपी उपलब्ध आहे. आतडे अरुंद झाल्याची शंका असल्यास मात्र ती अडकण्याचा धोका असतो.

दुर्बिणीतून केलेला उपचार पुष्कळदा तात्पुरता ठरतो. त्यापुढे धमनी बंद करणे, किरणोपचार वा शस्त्रक्रिया हे मार्ग उरतात. लहान आतड्यातील एकाकी गाठ काढल्याने स्राव थांबतोच, आणि निवडक रुग्णांचे आयुष्यही वाढते. याकरिता रक्तक्षयाच्या रुग्णास केवळ लोहाच्या गोळ्या देण्यापूर्वी, पूर्वी एखादी गाठ, तीळ वा अवयव काढला होता काय, हा प्रश्न विचारला गेला पाहिजे. निदानाची दिशा पुष्कळदा त्याच्या उत्तरातूनच मिळते.