पोटातली कणगी

ती रिकामी बाटली फेकू नकोस, इकडे आण. ठेव ओसरीवर. आज राजाराणीची गोष्ट नाही, आज हिचीच गोष्ट.

पण आधी माजघरातली कणगी बघून ये. तुझ्या पणजीच्या वेळची आहे, बांबूची विणलेली, शेणानं सारवलेली. सुगीला तिच्यात जोंधळा ओतायचा आणि पावसाळ्यात शेतात काही नसलं की त्यातलाच काढून खायचा. माणसाला ही अक्कल आली ती काही हजार वर्षांपूर्वी. मातीतल्या जिवाणूंना त्याच्या कितीतरी आधी. समोर खायला भरपूर आहे, पण अंग वाढवायला लागणारा नायट्रोजन संपलाय, अशी वेळ आली की हा जीव काय करतो? जास्तीचा कार्बन वाया न घालवता त्याचे बारीक दाणे करतो आणि पोटात साठवतो. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलंस तर वाटेल, पेशीत कुणी साबुदाणा भरलाय!

हे दाणे कशाचे, ते १९२६च्या सुमारास पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये मॉरिस लम्वान्य यांनी शोधून काढलं. ते निघालं चक्क प्लास्टिक. वितळवता येणारं, साच्यात घालता येणारं. आज त्या कुळाला पीएचए म्हणतात. आणि ते कुजतं. का कुजणार नाही? मातीतल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना ते धान्य म्हणून युगानुयुगं ठाऊक आहे.

तुझी बाटली मात्र पीईटीची. हे प्लास्टिक १९४१ साली इंग्लंडमध्ये जन्मलं, म्हणजे निसर्गाच्या हिशेबात कालचं पोर. त्याला ओळखणारं मातीत जवळजवळ कुणी नाही, म्हणून ते पडून राहतं. जपानच्या साकाई शहरात पीईटी खाणारा एक जिवाणू सापडला, २०१६ साली त्याची बातमी जगभर झाली. पण तो पडला सावकाश जेवणारा. त्याची गोष्ट पुन्हा कधीतरी.

माझा लाडका जिवाणू वेगळाच. त्याचं नाव जीओ-१६, स्यूडोमोनास घराण्यातला. पीईटीच्या बाटल्यांवर काम करणाऱ्या एका कारखान्यातल्या मातीत तो सापडला, आणि २००८ साली केविन ओ'कॉनर आणि डब्लिनमधल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला कामाला लावलं. अख्खी बाटली त्याला चावत नाही हो. म्हणून त्यांनी पीईटी हवेशिवाय ४५० अंशांना तापवून फोडलं, त्यातून निघालेलं टेरेफ्थॅलिक आम्ल याच्यापुढे वाढलं आणि नायट्रोजन हात राखून दिला. गड्यानं कणगी भरायला घेतली! सुकवलेल्या पेशींच्या वजनात पाव हिस्सा पीएचए निघालं. न कुजणाऱ्या बाटलीचं कुजणारं प्लास्टिक. आता पाव हिस्सा म्हणजे थोडंच, असं तू म्हणशील. पण कचऱ्यातून आलेला पाव हिस्सा आहे तो.

"पण ४५० अंश म्हणजे केवढं जळण!"

अगदी बरोबर पकडलंस. तोच तर सल होता. त्याची तोड सापडली कुठं, सांग? पाचोळ्यात! फणसाचं पान हातात घे. वरची साल कशी तुकतुकीत आहे? तिच्यात क्युटिन असतं, आणि क्युटिन म्हणजे झाडानं केलेलं पॉलिएस्टरच. पीईटीही पॉलिएस्टर. म्हणजे पान कुजवणारी कात्री बाटलीवरही चालायला हवी. ओसाका विद्यापीठातल्या संशोधकांना पालापाचोळ्याच्या खतात असं कात्रीचं काम करणारं एक विकर, म्हणजे एन्झाइम, सापडलं, ते त्यांनी २०१२ साली जाहीर केलं. शेणखताच्या ढिगात हात घातलास तेव्हा चटका बसला होता, आठवतं? अशा उबेत राहणारं विकर उष्णता सोसतं, आणि ७० अंशांच्या आसपास पीईटी जरा सैल पडतं. दोघांचं नेमकं जुळलं. फ्रान्समध्ये तुलूझच्या संशोधकांनी या विकरात थोडे फेरफार केले आणि ७२ अंशांवर दहा तासांत ९० टक्के पीईटी त्याच्या मूळ घटकांत मोकळं करून दाखवलं. हे २०२० साली.

मग पुढच्याच वर्षी जर्मनीतल्या आखेनच्या संशोधकांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी ओसाकाची कात्री आणि आपला जीओ-१६ यांची सोयरीक जमवली. एक अडचण होती. पीईटी फुटलं की दोन घटक मिळतात. त्यातल्या एथिलीन ग्लायकॉलवर या पठ्ठ्याची वाढ काही नीट होईना. तुझं कारल्याचं होतं ना, तसं. शास्त्रज्ञांनी पिढ्यामागून पिढ्या तेच ताट पुढे ठेवलं. ज्यांना ते पचलं, ते वाढले. शेवटी दोन्ही घटक संपवणारी जात तयार झाली आणि त्यावर तिनं पीएचएची कणगीही भरली.

बाजारात मात्र हे अजून स्वस्त नाही. खनिज तेलापासूनचं प्लास्टिक पैशाला पासरी मिळतं; इथं विकर करा, जिवाणू पोसा, मग पेशी फोडून दाणे वेगळे काढा. शिवाय ही सगळी हिकमत पीईटीपुरती. दुधाची पिशवी पॉलिथिनची, वेफर्सच्या पुडक्यात एकावर एक वेगवेगळे थर. त्यांना ही कात्री लागू पडत नाही. एकाच जादूनं सगळा कचरा नाहीसा होईल असं कुणी सांगितलं, तर तुझ्या आजोबांचा त्यावर विश्वास नाही.

आता बाटली उलटी कर. बुडाशी त्रिकोणात १ दिसतोय? तीच पीईटीची खूण. उरलेलं पाणी तुळशीला ओत, बाटली चेप आणि सुक्या कचऱ्यात टाक. आमटीत बरबटलेली नको.