अर्धा दिवस काम, ग्रॅच्युइटी मात्र हक्काची

जोगेश्वरीत आमच्या शेजारच्या मावशी एका कारखान्यात रोज चार तास झाडलोट करीत. अकरा वर्षांनी काम सुटले, तेव्हा ‘अर्धवेळ माणसाला ग्रॅच्युइटी नसते’ असे ऐकून त्या रित्या हाताने परतल्या.

मी म्हटले, “मावशी, तसे नाही.” 1972च्या कायद्यातला आणि 2020च्या संहितेतही राहिलेला नियम दिवस मोजतो, तास नव्हे. दहा कामगारांची आस्थापना आणि सलग पाच वर्षांची नोकरी हवी. खंड पडला तरी साधारणपणे 240 दिवस भरले की वर्ष धरतात. मानधनावरच्या अंगणवाडी सेविकांनाही सर्वोच्च न्यायालयाने 2022 साली हा हक्क दिला.

मावशींचा शेवटचा पगार 5,200. भागिले 26 म्हणजे रोजचे 200. पंधरा दिवसांचे 3,000. अकरा वर्षांचे 33,000 रुपये!

तेव्हा हजेरीकार्ड जपा, लेखी अर्ज करा आणि पोच घ्या.