काटा हलला नाही तरी

नागपूरजवळच्या मौद्यात पहाटे कन्हान नदीच्या पुलाकडे दोन तऱ्हेचे लोक दिसतात. एक, पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं. सोळाशे मीटरच्या वेळेतले चार सेकंद कमी करण्यासाठी जीव काढणारी. दुसरी, डॉक्टरनं ‘वजन कमी करा’ म्हटल्यावर घराबाहेर पडलेली पन्नाशीची मंडळी. मी दोन्हींत बसत नाही. निवृत्त मास्तर, वजन ५६ किलो. त्यामुळे परतताना चहाच्या टपरीवाल्याचा प्रश्न ठरलेला: ‘गुरुजी, तुमाले कायले पायजे हो फिरणं? पोट तं नाहीच तुमचं!’

व्यायाम म्हणजे पोटावरचं औषध, पोट नसेल तर औषध कशाला, असा त्याचा हिशेब. गंमत म्हणजे आपली भाषा असं मानत नव्हती. तालमीत जाणारा माणूस शरीर ‘कमावतो’, असं आपण म्हणत आलो. अमरावतीत १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभं राहिलं, त्याचा चमू १९३६ मध्ये बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवून आला. ती मंडळी काही घटवायला आखाड्यात उतरली नव्हती. ‘कमावणं’ जाऊन ‘घटवणं’ कधी आलं कोण जाणे, पण त्यात काडीपहिलवानांना आयतीच सूट मिळाली.

ती सूट किती फसवी, ते दोन डॉक्टरांनी स्वतःचीच शरीरं मांडून दाखवलं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन. उंचीच्या हिशेबात वजन सांगणारा बीएमआय दोघांचाही २२.३, म्हणजे कागदावर दोघंही सडपातळ. यंत्राखाली शरीरातली चरबी मोजली, तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये ही जोडगोळी छापून आली. युडकिन मॅरेथॉन धावणारे. आपला व्यायाम मात्र रोज सकाळी लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत गाठण्यापुरता, अशी कबुली याज्ञिकांनी त्यात मिश्कीलपणे दिली आहे. फरक नुसत्या धावण्याचा नाही. जन्माच्या वेळचं कमी वजन हेही एक संभाव्य कारण त्यांनी मांडलं. पण हातपाय काटकुळे आणि चरबी आत दडलेली, हा आपल्याकडचा नेहमीचा साचा. काटा हाडं, स्नायू, चरबी आणि पाणी एकत्रच तोलतो. कशाचं किती, ते सांगत नाही.

दुसरं गाऱ्हाणं जाड लोकांचं. ‘तीन महिने फिरून राह्यलो, किलोभरही उतरलं नाही. बंद केलं.’ ते उतरत नाही, याचं नवल नाही. तासभर चालून साधारण दोन-अडीचशे कॅलरी खर्च होतात आणि परतीच्या वाटेवर तर्री पोह्यांची एक प्लेट ती सगळी भरून देते. वजनाचा प्रश्न मुख्यतः ताटात सुटतो. पण चालणं वाया गेलं, हे खोटं. स्नायू आकसतो-सैलावतो तेव्हा तो इन्सुलिनची वाट न बघता रक्तातली साखर आत ओढतो आणि व्यायाम संपल्यावरही इन्सुलिनला त्याचा प्रतिसाद दिवसभर, कधी त्याहून जास्त वेळ सुधारलेला राहतो. म्हणून रविवारी एकदम दहा किलोमीटर चालण्यापेक्षा एक दिवसाआड थोडं बरं. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ जणांवर केलेला अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. तीन वर्षांत, नुसता जुजबी सल्ला मिळालेल्या गटातल्या ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला; चालणं आणि आहार सांभाळणाऱ्या गटात ३९ टक्क्यांना. आहार सोबत असल्यानं सगळं श्रेय पायांना देता येणार नाही. मात्र या दुसऱ्या गटाचं वजन म्हणावं असं घटलंच नव्हतं.

त्याहून जुनी गोष्ट लंडनच्या दुमजली बसची. ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर दिवसभर जिना वर-खाली करत तिकिटं फाडणार. जेरी मॉरिस यांनी १९५३ मध्ये दाखवलं, की हृदयविकार कंडक्टरांमध्ये कमी, आणि झाला तरी तो कमी जीवघेणा. शंकेखोरांनी म्हटलं, ड्रायव्हर मुळातच जाड असतील. मॉरिस यांच्या गटानं गणवेशाच्या पँटींची मापं काढली! ड्रायव्हरांच्या कमरा खरंच मोठ्या निघाल्या. पण बारीक, मध्यम, जाड असे भाग पाडून पाहिलं तरी कंडक्टर सरसच.

आता आपल्या भागातला सगळ्यात घट्ट समज: ‘दिवसभर वावरात राबतो, आणखी कायचा व्यायाम?’ यात निम्मं खरं आहे. जागतिक आरोग्य संघटना कामातली हालचालही धरते. आणि रोवणीच्या दिवसांत सकाळपासून बांधीतल्या चिखलात वाकून धानाची रोपं लावणाऱ्या बाईला ‘जरा व्यायाम करा’ सांगणाऱ्याला मी आधी अर्धा दिवस रोवणीला पाठवीन. तिला हवी आहे विश्रांती आणि पोटभर जेवण. अडचण अशी, की मजुरीत कंबर एकाच बाजूनं वाकते, वेग आपल्या हातात नसतो, ताणलेल्या स्नायूला सावरायला दिवस मिळत नाही. व्यायामात भार हळूहळू वाढतो, मग विसावा, मग पुन्हा थोडा जास्त भार. ताकद त्या विसाव्यात येते. शिवाय वावराच्या मालकाचं काय? नांगरणी ट्रॅक्टरनं, कापणी हार्वेस्टरनं, बांधापर्यंत मोटारसायकल. आजोबांच्या घामावर नातू किती दिवस जगणार?

गुडघ्यांचंही तसंच. ‘चालून झिजतील’ म्हणून माणसं पलंग धरतात. सांध्यातल्या कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. दाब पडणं आणि सुटणं यातूनच तिला पोषण मिळतं. मांडीचा स्नायू सुकला की सगळा धक्का सांध्यावर येतो. त्यामुळे गुडघेदुखीच्या उपचारात आज व्यायाम पहिल्या पायरीवर आहे. गुडघा सुजलेला किंवा अडकत असेल तर मात्र आधी डॉक्टर. आणि वय? १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या बोस्टनच्या एका प्रयोगात नव्वदीच्या आसपासच्या दहा अशक्त वृद्धांना देखरेखीखाली पायांनी वजन उचलायला लावलं. आठ आठवड्यांत ताकद सरासरी पावणेतीन पटीच्या घरात गेली.

घाम म्हणजे चरबी वितळली, असं समजून एप्रिल-मेमध्ये जाकीट घालून पळणारे दिसतात. ते पाणी असतं. तांब्याभर प्यालं की परत येतं. नागपूरच्या उन्हात न प्यालं तर दवाखाना.

माझं स्वतःचं कारण वेगळंच होतं. निवृत्तीनंतर रात्री दोनला जाग यायची, मग छताकडे बघत उजाडायचं. चालायला लागल्यावर महिनाभरात झोप लागू लागली. ड्यूक विद्यापीठातल्या १९९९ च्या अभ्यासात पन्नाशीपुढच्या १५६ नैराश्यग्रस्तांपैकी व्यायाम करणाऱ्यांना सोळा आठवड्यांत गोळ्या घेणाऱ्यांइतकाच उतार पडला, हे मी फार नंतर वाचलं. पण म्हणून चालू गोळ्या कुणी आपल्या मनानं बंद करू नयेत.

हे सगळं टपरीवाल्याला तुकड्यातुकड्यानं सांगून झालंय. आठवड्याला दीडशे मिनिटं, जमतील तशी तोडून. शिवाय दोन दिवस ताकदीचं काहीतरी. तो म्हणाला, ‘मी तं दिवसभर उभाच राह्यतो, गुरुजी.’ मी म्हटलं, उभं राहणं वेगळं. त्या स्टुलावर बस आणि हात न टेकवता दहा वेळा ऊठ. गिऱ्हाइकांनी मोजायला सुरुवात केली. सातव्याला त्यानं टेबल धरलं आणि हसत सुटला.

त्याचं वजन माझ्यापेक्षा दोन किलोनं कमी आहे.