क्लचवाचून गिअर

भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पाळी सुटली की घराकडे निघालेले मोटारसायकलस्वार दर गिअरला डाव्या हाताने क्लच दाबतात. तो न दाबता गिअर बदलता येईल काय?

मोटारसायकलच्या गिअरपेटीत दंतचक्रांच्या जोड्या सदैव परस्परांत गुंतलेल्याच असतात. गिअर बदलताना एका चक्राच्या अंगावरील जाड खुंट्या शेजारच्या चक्राच्या खाचांत शिरतात. एंजिनाचा जोर असेतोवर त्या तेथे आवळून बसतात. उजव्या हाताची मूठ क्षणभर सैल केली की जोर ओसरतो आणि पायाच्या हलक्या दाबाने खुंट्या सुटतात. खालचा गिअर घालताना मात्र एंजिनाची गती किंचित वाढवावी लागते. क्लच असलेल्या अनेक चारचाकी क्वाडमध्येही हीच रचना असते.

१९६१ पासून म्हैसूर येथे तयार होऊ लागलेल्या जावा मोटारसायकलीत तर गिअरचा दांडा दाबताच क्लच आपोआप सुटत असे.

परंतु इतर गाड्यांत मुठीची वेळ वारंवार चुकली, तर खुंट्यांच्या कडा झिजून गोलावतात आणि पुढे ऐन चढावर गिअर निसटतो. उभी गाडी हलविताना तर क्लचवाचून गत्यंतरच नाही.